१५ एप्रिलची रेघ: आयोवाच्या सू काउंटीत कोविडची शेतीमदत कशी वाटली गेली

कोविडच्या वर्षात अमेरिकेने शेतकऱ्यांना अब्जावधी डॉलर वाटले, एवढी बातमी आपल्याकडे येऊन गेली. पैसे कुणाच्या खात्यात गेले, कोणत्या गणिताने गेले आणि कोणाचा अर्ज बाजूला पडला, हे कळायला मात्र एखाद्या काउंटीत उतरावं लागतं. म्हणून सू काउंटी घेऊ. आयोवा राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, साधारण २,००० चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढा मुलूख. ठाणं ऑरेंज सिटी, वस्ती ३५ हजारांच्या थोडी वर. २०१७ च्या शेतीगणनेत इथे डुकरंच दहा लाखांवर होती. वर गुरांचे फीडलॉट, म्हणजे कत्तलीआधी गुरं पोसायचे वाडे, दुधाचे मोठे गोठे, अंड्यांचे कारखाने, आणि या सगळ्यांच्या पोटासाठी मका आणि सोयाबीन. कोविडची मदत योजना नेमकी कुठे बरोबर बसली आणि कुठे वाकडी गेली, हे बघायला याहून चांगला नमुना मिळणार नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ही मदत नुकसानभरपाई म्हणून जाहीर झाली, पण तुमचं किती नुकसान झालं हे अर्जात कुठेच विचारलेलं नव्हतं. रक्कम ठरवत होत्या तीन गोष्टी: माल कोणत्या तारखेला कुठे होता, तो कुणाच्या मालकीचा होता आणि अर्ज कुणाच्या नावावर होता. बाकी सगळं यातूनच निघतं.

सू काउंटीतल्या तयार डुकरांना जवळचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे साउथ डकोटातल्या सू फॉल्सचा स्मिथफील्डचा प्लांट आणि मिनेसोटातल्या वर्दिंग्टनचा जेबीएसचा प्लांट. सू फॉल्सचा प्लांट बेमुदत बंद करत असल्याचं १२ एप्रिल २०२० ला जाहीर झालं. वर्दिंग्टनचा २० एप्रिलला बंद पडला. पुढे पूर्वेकडे वॉटर्लूचा टायसनचा प्लांटही २२ एप्रिलला थांबला. या प्लांटांत रोज प्रत्येकी १९–२० हजार डुकरं कापली जायची. ते मे महिन्यात हळूहळू उघडले, पण पूर्ण वेगाने चालायला आणखी वेळ गेला.

डुक्कर काही कणगीतल्या धान्यासारखं थांबत नाही. सहा महिन्यांत ते १२५ किलोच्या आसपास येतं आणि त्याच आठवड्यात शेडबाहेर जायला हवं, कारण मागची पिल्लं त्या जागेची वाट बघत असतात. वजन ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की प्लांट भाव कापतो, कारण त्यांचे हूक आणि यंत्रं ठरावीक मापाची. त्या एप्रिल-मे महिन्यांत लोकांनी खाद्यातलं सोयाबीनचं प्रमाण जवळजवळ काढून टाकलं, नुसता मका आणि चोथा ठेवला, शेडचं तापमान मुद्दाम वाढवलं. वाढ मंदावावी, एवढ्यासाठी. ज्यांना तेही पुरलं नाही त्यांना जनावरं मारून पुरावी किंवा कंपोस्ट करावी लागली.

थोडक्यात, खरा फटका १५ एप्रिलनंतर बसला. आता योजना बघा.

योजनेचं नाव कोरोनाव्हायरस फूड असिस्टन्स प्रोग्राम. शेतकरी तिला ‘सीफॅप’ म्हणत. घोषणा १७ एप्रिल २०२० ची, अर्ज २६ मेपासून. तिच्यात १६ अब्ज डॉलर थेट मदतीसाठी धरलेले, आणि ते दोन थैल्यांतून आलेले: साडेनऊ अब्ज संसदेने मंजूर केलेल्या केअर्स कायद्यातले आणि साडेसहा अब्ज कमॉडिटी क्रेडिट कॉर्पोरेशनचे, म्हणजे शेतीखात्याच्या कायमच्या तिजोरीतले. थैल्या दोन म्हणून दरही दोन. गोंधळाचं मूळ इथे आहे. केअर्सची थैली १५ जानेवारी ते १५ एप्रिलदरम्यान विकलेल्या जनावरांसाठी. दुसरी थैली १६ एप्रिल ते १४ मेदरम्यान गोठ्यात उभ्या असलेल्या जनावरांसाठी. या चार आठवड्यांतली कोणतीही एक तारीख शेतकऱ्याने निवडायची आणि त्या दिवशीचा सर्वांत मोठा आकडा द्यायचा.

कत्तलीला तयार झालेल्या गुरांना पहिल्या थैलीतून डोक्यामागे २१४ डॉलर, दुसऱ्या थैलीतून ३३. सहाशे पौंडांवरच्या वाढत्या गुरांना १३९ आणि ३३, त्याखालच्यांना १०२ आणि ३३. डुकरांत १२० पौंडांखालच्या पिल्लांना २८ आणि १७, त्यावरच्यांना १८ आणि १७. हो, लहान पिल्लाला मोठ्या डुकरापेक्षा जास्त. दूध तोडलेल्या पिल्लांचा रोखीचा बाजार आधी कोसळला होता, त्याचा हा परिणाम. पण कार्यालयात हा दर वाचून दाखवताना कर्मचाऱ्यांना प्रत्येक वेळी खुलासा करावा लागत असणार.

समजा शेजारी दोन फीडलॉट आहेत, प्रत्येकाची २०० तयार गुरं. एकाने ती १० एप्रिलला विकली, दुसऱ्याची पाळी २० एप्रिलला आली. पहिल्याला २०० गुणिले २१४, म्हणजे ४२,८०० डॉलर. दुसऱ्याला २०० गुणिले ३३, म्हणजे ६,६००. नुकसान बहुधा दुसऱ्याचं जास्त. डुकरांत प्रति डोकं फरक एवढा नव्हता, १८ आणि १७. पण तिथे दुसरी गंमत झाली. ज्याने मार्चमध्ये बऱ्या भावात शेड रिकामी केली आणि लगेच भरली, त्याला विकलेल्यांवर १८ आणि नव्या पिल्लांवर १७ असे दोन्ही मिळाले. ज्याची शेड एप्रिलअखेर तुंबली होती त्याला एकदाच १७.

याचं कारण दुष्टपणा नाही. योजना लिहिली गेली तेव्हा हातात असलेला भाव जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंतचा होता. त्या काळात ज्या मालाचा भाव पाच टक्के किंवा जास्त घसरला तोच पात्र. प्लांट बंद पडणं त्या मोजमापाच्या काठावर घडलं. पण मोजपट्टी तिथेच संपत होती, आणि दुरुस्तीला पुढची दोन वर्षं लागली.

धान्याचं गणित वेगळं, आणि माझ्या मते जास्त नीट विचार केलेलं. २०१९ च्या उत्पन्नाचं निम्मं, किंवा १५ जानेवारी २०२० ला भाव न ठरवता साठवलेलं धान्य, यांत जे कमी ते घ्यायचं. त्याच्या अर्ध्यावर केअर्सचा दर, उरलेल्या अर्ध्यावर दुसऱ्या थैलीचा. मक्याला बुशेलमागे ३२ आणि ३५ सेंट, सोयाबीनला ४५ आणि ५० सेंट. एखाद्याने एक लाख बुशेल मका काढला आणि १५ जानेवारीला त्यातला ४० हजार बिनभावाचा पडून होता, तर मर्यादा ५० हजारांची, माल ४० हजारांचा, म्हणजे ४० हजारच धरायचे. २० हजारांवर ३२ सेंटने ६,४००, २० हजारांवर ३५ सेंटने ७,०००, एकूण १३,४०० डॉलर. बुशेल म्हणजे मक्याचे २५.४ किलो. आपल्या हिशेबात ही मदत क्विंटलमागे तेव्हाच्या दराने शंभरेक रुपये पडते.

इथली नेहमीची चूक ‘बिनभावाचा’ या शब्दावर व्हायची. धान्य स्वतःच्या सायलोत आहे म्हणजे ते मोजायचं, असं अनेकांना वाटे. पण डिसेंबरमध्येच इथेनॉल कारखान्याशी मार्चच्या पुरवठ्याचा भाव ठरवून सही केली असेल, तर ते धान्य सायलोत असूनही अपात्र. उलट धान्य एलिव्हेटरच्या, म्हणजे धान्य घेऊन साठवणाऱ्या व्यापाऱ्याच्या, कोठारात जाऊन पडलंय, पण भाव अजून ठरलेला नाही, तर ते पात्र. धान्य कुठे पडलंय याला महत्त्व नव्हतं. भावाची जोखीम त्या दिवशी कुणाच्या डोक्यावर होती, एवढंच बघायचं. तपासणीला कागद मागितले तर करारपत्र आणि एलिव्हेटरची वजनपावती दोन्ही लागत, कारण एकावर भाव असतो आणि दुसऱ्यावर तारीख.

दुधाला तारखांची कटकट कमी होती. जानेवारी ते मार्च २०२० चं उत्पादन, त्याच्या दर शंभर पौंडांमागे ४.७१ डॉलर, आणि पुढच्या तिमाहीपोटी तोच आकडा १.०१४ ने गुणून १.४७ डॉलर. दोन्ही मिळून ६.२० च्या घरात. पाचशे गाई, गाईमागे रोजचं सरासरी ७५ पौंड, लीप वर्षाचे ९१ दिवस: ३४,१२५ शतपौंड, म्हणजे जवळजवळ २ लाख १२ हजार डॉलर. खपत नाही म्हणून ओतून दिलेलं दूधही उत्पादनात धरायचं होतं, हे बऱ्याच जणांना उशिरा कळलं. दूध संघाच्या पावतीवर ते वेगळ्या ओळीत असतं आणि बेरजेत घ्यायचं राहून जातं.

हे सगळं वाटायचं काम फार्म सर्व्हिस एजन्सीच्या काउंटी कार्यालयाचं. आपल्याकडे तालुका कृषी कार्यालय आणि तलाठी यांची कामं एकत्र केली तर जे होईल तसं काहीसं. शेतकऱ्यांनी निवडून दिलेली काउंटी समिती अर्ज मंजूर करते. त्या उन्हाळ्यात कार्यालयं लोकांना बंद होती. काम फोनवर, ईमेलवर आणि ऑनलाइन सहीवर चालायचं. फोनवर वेळ घ्यायची, सरकारी एक्सेल तक्त्यात स्वतःचे आकडे भरायचे, तो तक्ताच अर्ज छापून द्यायचा. अर्जाचा नमुना एडी-३११४. आकड्यांना त्या वेळी पुरावा जोडायचा नव्हता, स्वतःची सही पुरे. पुरावा तीन वर्षं जपायचा आणि मागितला तर दाखवायचा.

अर्ज साधा, तरी लोक अडकले ते बाकीच्या फॉर्मांवर. जो शेतकरी आधीपासून सरकारी कार्यक्रमांत होता, म्हणजे मका-सोयाबीनवाला, त्याचे सगळे कागद कार्यालयात होतेच. पण फक्त डुकरं किंवा फक्त अंडी करणारा माणूस कधी या दारात आलेलाच नसतो. त्याला ओळखीचा एडी-२०४७, बँक खात्याचा एसएफ-३८८१, उत्पन्नमर्यादेचा सीसीसी-९४१, धुपीच्या आणि पाणथळ जमिनीचे नियम पाळतो असं सांगणारा एडी-१०२६, आणि शेती संस्थेच्या नावावर असेल तर सभासदांची यादी देणारा सीसीसी-९०१ असं सगळं पहिल्यापासून. सगळ्यात जास्त अर्ज रेंगाळत ते ९०१ आणि ९४१ या दोघांवर. ९०१ मध्ये संस्थेतल्या प्रत्येक सभासदाचा हिस्सा आणि करक्रमांक लागतो. एखाद्या कौटुंबिक कंपनीत शिकागोला राहणाऱ्या बहिणीचे पाच टक्के असतील तर तिचाही ९४१ सही होऊन यायला हवा, नाहीतर तिच्या वाट्याचे पाच टक्के रकमेतून वजा.

उत्पन्नाची मर्यादा २०१६ ते २०१८ च्या सरासरीवर ९ लाख डॉलर. त्यावरचं उत्पन्न असेल तर त्यातलं ७५ टक्के शेतीतलं असल्याचं दाखवायचं आणि त्यासाठी सीसीसी-९४२ वर वकील किंवा सनदी लेखापालाची सही. फीडलॉटवाल्यांना ही वाट सोपी होती. ज्याचा ट्रकचा किंवा बियाण्याचा मोठा धंदा जोडीला होता तो मात्र अडखळला.

आणि मदतीचं छप्पर. माणशी अडीच लाख डॉलर. २१४ च्या दराने हिशेब केला तर ११६९ वं जनावर छपराबाहेर जातं, आणि सू काउंटीत हजाराचा फीडलॉट म्हणजे काही नवलाची गोष्ट नाही. दुधात वरच्याच हिशेबाने सहाशे गाईंना छप्पर लागतं. म्हणून कंपनी, एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) किंवा मर्यादित भागीदारी असेल तर तीन सभासदांपर्यंत प्रत्येकी अडीच लाख, असं कमाल साडेसात लाखांचं दार ठेवलेलं. अट एवढीच की त्या प्रत्येकाने वर्षाला किमान ४०० तास अंगमेहनत किंवा व्यवस्थापन केलेलं असलं पाहिजे. यावर मोठ्या शेतांची सगळी नजर होती. चारशे तास म्हणजे आठवड्याला आठ तासांच्याही आत. हिशेब लिहिणारी बायको, संध्याकाळी खाद्य बघणारा मुलगा, दोघंही बसतात. पण शेती एकट्या माणसाच्या नावावर असेल तर तीच बायको आणि तोच मुलगा मोजले जात नाहीत. तेच काम, तेच कुटुंब, नुसती नोंदणी वेगळी म्हणून तिप्पट रक्कम. वकिलाच्या फीचा एवढा चांगला परतावा क्वचितच मिळत असेल.

मालकीचा मुद्दा याहून मोठा. आयोवातली बरीचशी डुकरं कराराने वाढवली जातात. नाशिक-पुण्याकडे ब्रॉयलर करणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको: पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं; शेड, वीज, पाणी आणि मजुरी आपली. सू काउंटीत २,४०० डुकरांची शेड उभी करून, बँकेचं कर्ज डोक्यावर घेऊन, जागेमागे ठरावीक भाडं घेणारे शेतकरी गावोगाव आहेत. सीफॅपमध्ये पैसे जनावराच्या मालकाला. शेडवाल्याला शून्य. करार चालू राहिला तोवर त्याचं भाडं चालू होतं हे खरं, म्हणून पहिल्या वेळी त्याला बाहेर ठेवणं अगदीच चूक म्हणता येत नाही. पण पिल्लं वेळेवर आली नाहीत, दोन तुकड्यांमध्ये शेड आठवडेच्या आठवडे रिकामी राहिली, तेव्हा त्याचाही हप्ता थांबत नव्हता. त्याच्यासाठी योजना यायला ऑगस्ट २०२१ उजाडला: २०१८ किंवा २०१९ च्या तुलनेत २०२० मध्ये जेवढं उत्पन्न घटलं त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत. कोविड-मदतीत खऱ्या घटीवर बेतलेल्या मोजक्या योजनांतली ही एक, आणि ती सर्वांत शेवटच्यांत आली.

जमिनीच्या मालकाचं उलट झालं. आपल्याकडे पीएम-किसानचे दोन हजार सातबाऱ्यावर नाव असलेल्याला जातात, खंडाने कसणाऱ्याला नाही. सीफॅपमध्ये रोख खंडाने जमीन दिलेल्या मालकाला काहीही नव्हतं. पैसे पीक आणि जोखीम ज्याची त्याला. अर्धेलीने दिली असेल तर मात्र मालक आपल्या हिश्शाच्या धान्यापुरता पात्र. मला ही बाजू जास्त न्याय्य वाटते. अर्थात पुढच्या वर्षीच्या खंडाच्या बोलीत त्यातला किती वाटा मालकाकडे सरकला, हा हिशेब कुठल्याच फॉर्मवर येत नाही.

पैसे आधी ८० टक्केच दिले, निधी पुरतो का हे बघण्यासाठी. तो पुरला, उरलाही. ऑगस्टमध्ये उरलेले २० टक्के आपोआप खात्यात जमा झाले. अर्जाची मुदत ११ सप्टेंबर २०२० ला संपली आणि या पहिल्या टप्प्यात, म्हणजे सीफॅप-१ मध्ये, सगळ्या राज्यांत सर्वांत जास्त पैसे आयोवात आले.

सीफॅप-२ ची घोषणा १७ सप्टेंबरला, निवडणुकीला दीड महिना असताना, विस्कॉन्सिनमधल्या एका प्रचारसभेत झाली. १४ अब्ज डॉलर. ही योजना भरायला सोपी होती आणि नेमकं म्हणूनच नुकसानीपासून आणखी लांब गेली. पिकांना २०२० मध्ये पेरलेल्या एकरांवर पैसे. ते एकर एफएसए-५७८ या पेरणी नोंदीतून घ्यायचे, जी शेतकरी दर उन्हाळ्यात कार्यालयात करतोच. गणित: एकर, गुणिले पीकविम्यातलं स्वतःचं सरासरी उत्पादन, गुणिले विक्रीचा ठरवून दिलेला टक्का, गुणिले दर. मक्याला ४० टक्के आणि ५८ सेंट, सोयाबीनला ५४ टक्के आणि ५८ सेंट. एकरी २०० बुशेल मक्याला ४६ डॉलर ४० सेंट. ६० बुशेल सोयाबीनला १८ डॉलर ७९ सेंट. पंधरा डॉलर ही किमान रक्कम, उत्तर त्याखाली आलं तरी पंधरा. पीकविमा नसेल तर काउंटीच्या सरासरीचे ८५ टक्के धरायचे. चांगलं पिकवूनही विमा न घेणाऱ्याचं तिथे नुकसान झालं.

जनावरांना या वेळी एकच दर: गुरांना ५५, डुकरांना २३, मेंढ्यांना २७ डॉलर, १६ एप्रिल ते ३१ ऑगस्टमधली शेतकऱ्याने निवडलेली एक तारीख. पैदाशीची जनावरं वगळलेली. पहिल्या वेळी गाई आणि वळू ‘इतर गुरं’ म्हणून ३३ डॉलरांत मोजले गेले होते, त्यामुळे तोच आकडा पुन्हा लिहिणाऱ्यांचे अर्ज परत आले. दुधाला शंभर पौंडांमागे १.२० डॉलर, एप्रिल ते ऑगस्टचं प्रत्यक्ष आणि सप्टेंबर ते डिसेंबरचं त्याच रोजच्या सरासरीने अंदाजलेलं उत्पादन. अडीच लाखांचं छप्पर इथे नव्याने, पहिल्यापासून वेगळं.

तारीख निवडणं हे डुकरांच्या बाबतीत खरं कौशल्याचं काम. एका शेडमध्ये एका वेळी २,४०० असतात, पण अनेक शेडचा मालक असेल तर त्यांच्या तुकड्या आठवड्या-आठवड्याने सरकतात. जुनी तुकडी अजून गेलेली नाही आणि नवी आलेली आहे असे दोन-चार दिवस असतात; तेव्हाची संख्या सरासरीपेक्षा बरीच वर असते. हे नियमात बसत होतं, लबाडी नव्हती. फक्त त्या दिवसाचा पुरावा हवा: पिल्लांची भरणी पावती, मरतुकीची नोंदवही, पशुवैद्याचा दाखला, खाद्य गिरणीची बिलं. ज्यांनी बँकेला महिन्याच्या शेवटी दिलेला साठापत्रकाचा आकडा एक आणि अर्जात दुसरा लिहिला, त्यांना पडताळणीत उत्तर देणं जड गेलं.

जानेवारी २०२१ मध्ये जाणाऱ्या सरकारने डुकरांना आणखी १७ डॉलर जाहीर केले. पाच दिवसांनी सरकार बदललं आणि सगळं थांबलं. मार्चमध्ये नव्या मांडणीत दोन गोष्टी आपोआप, अर्जाशिवाय दिल्या गेल्या. एक, सीफॅप-१ मधल्या गोठ्यातल्या गुरांना वाढीव रक्कम, तयार गुरांना डोक्यामागे ६३ डॉलर. वरच्या उदाहरणातल्या दुसऱ्या फीडलॉटला त्यामुळे ६,६०० वर १२,६०० आले, एकूण १९,२००. शेजाऱ्याच्या ४२,८०० च्या निम्म्यालाही ते पोचत नाहीत. दोन, सीफॅप-२ च्या पिकांना एकरी २० डॉलर, साडेचार अब्ज डॉलरांचा खर्च. तोवर मका पाच डॉलरच्या वर गेला होता. डुकरंवाल्याची मदत अडकलेली असताना चढत्या भावाच्या मक्याला आणखी वीस डॉलर देणं, याचं समर्थन मला तरी सापडत नाही. एकर आधीच संगणकात होते म्हणून ते सोपं होतं, एवढंच.

मारून टाकलेल्या जनावरांसाठी पॅन्डेमिक लाइव्हस्टॉक इन्डेम्निटी प्रोग्राम आला, अर्ज जुलै २०२१ पासून. १ मार्च ते २६ डिसेंबर २०२० दरम्यान बाजार बंद म्हणून मारलेल्या जनावरांच्या बाजारभावाच्या ८० टक्के. त्यातून त्याच जनावरांवर घेतलेलं सीफॅप आणि विल्हेवाटीसाठी मिळालेली सरकारी मदत वजा. मे २०२० मध्ये घाईगर्दीत शेड रिकामी करताना डोकी मोजून, वजनगटाप्रमाणे तारीखवार लिहून ठेवणारे इथे निभावले. ज्यांच्याकडे फक्त ‘एक शेड’ अशी नोंद होती त्यांना पुरलेल्या खड्ड्याच्या मापावरून आणि कंत्राटदाराच्या बिलावरून आकडा सिद्ध करत बसावं लागलं.

रोखीच्या बाजारात डुकरं विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्यांसाठीची योजना तर १५ डिसेंबर २०२१ ला उघडली. १६ एप्रिल ते १ सप्टेंबर २०२० मधल्या विक्रीवर डोक्यामागे ५४ डॉलर, कमाल दहा हजार डोकी. इथे स्वतःची सही पुरेशी नव्हती. सौदा खरोखर वाटाघाटीचा होता, सूत्राने ठरलेल्या कराराचा नव्हता, हे कागदावरून दिसायला हवं होतं. सौद्याचा प्रकार प्लांटच्या कागदांवरून ओळखावा लागे. 

शेतीखात्याबाहेर एक दार होतं, पेचेक प्रोटेक्शन प्रोग्रामचं. बँकेतून कर्ज, नियमात खर्च केलं की माफ. सुरुवातीला एकट्या शेतकऱ्याचं कर्ज शेड्यूल एफ वरच्या, म्हणजे करविवरणातल्या शेतीच्या तक्त्यावरच्या, निव्वळ नफ्यावर ठरे. ट्रॅक्टर आणि शेडचा घसारा एकदम वजा करणाऱ्या या भागात निव्वळ नफा अनेकदा शून्याखाली. म्हणजे कर्ज शून्य. डिसेंबर २०२० च्या कायद्याने ढोबळ उत्पन्न धरायला परवानगी दिली, कमाल एक लाख. एक लाख भागिले १२ गुणिले अडीच: २०,८३३ डॉलर. २०२१ च्या वसंतात बँकांत आलेल्या शेती अर्जांवर हाच आकडा पुन्हा पुन्हा दिसतो. आधी कमी रकमेवर कर्ज घेऊन ते माफही करून घेतलेल्यांना नवीन सूत्राने वाढ मिळाली नाही. ज्यांनी माफीची घाई केली नव्हती ते फायद्यात राहिले.

करात दोघांची वाट वेगळी. माफ झालेलं हे कर्ज करमुक्त. सीफॅप मात्र शेतीचं उत्पन्न, शेड्यूल एफ च्या ४ए ओळीवर, आणि त्यावर स्वयंरोजगार करही. रक्कम १०९९-जी या सरकारी करदाखल्यावर येते आणि ती ज्या वर्षी खात्यात आली त्या वर्षाची धरायची. पीकविम्याच्या पैशासारखी पुढच्या वर्षावर ढकलता येत नाही. २०२० मध्ये सीफॅपचे दोन्ही टप्पे एकाच वर्षात पडले आणि वर डिसेंबरमध्ये मका चांगल्या भावात विकला गेला. त्यामुळे १ मार्चच्या आत विवरण भरणाऱ्या कितीतरी शेतकऱ्यांना फेब्रुवारीत कळलं की आलेल्या पैशातला चौथा हिस्सा परत जाणार आहे, आणि तो तर खाद्याच्या उधारीत केव्हाच गेलेला होता.